विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे एकच होम फोल्डर, लिंक टाकून भागेल का?

मधली_सुट्टी

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच विचारतोय. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

लॅपटॉप एकच. ५१२ जीबीची एसएसडी, त्यावर विंडोज ११ आणि लिनक्स मिंट दोन्ही. विंडोज ठेवावंच लागतं कारण भाषांतराची कामं येतात ती वर्डमध्ये, ट्रॅक चेंजेससकट, आणि तिकडची मंडळी दुसरं काही ऐकून घेत नाहीत. बाकी सगळं मी मिंटवर करतो. वैताग असा की आज सकाळी विंडोजमध्ये काम केलं आणि संध्याकाळी मिंटमध्ये बसलो की फाइल तिकडेच राहिलेली असते. मग पेनड्राइव्ह. एकाच डिस्कवरून त्याच डिस्कवर फाइल न्यायला पेनड्राइव्ह, म्हणजे माजघरातून ओटीवर जायला रिक्षा केल्यासारखं.

म्हणून मी डोकं चालवलं. मिंटमध्ये सी ड्राइव्ह उघडला, आणि माझ्या होममधला (म्हणजे माझ्या खात्याच्या फोल्डरमधला) डॉक्युमेंट्स फोल्डर काढून टाकून त्या जागी विंडोजच्या डॉक्युमेंट्सची सिमलिंक (म्हणजे दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारी लिंक) टाकली. पहिल्या दिवशी इतकं भारी वाटलं की बायकोला बोलावून दाखवलं. तिने "बरं" म्हटलं.

आता त्रास असे आहेत:

काही दिवस सगळं व्यवस्थित सेव्ह होतं, काही दिवस म्हणतं की डिस्क रीड ओन्ली आहे. मी मधे काहीही बदललेलं नसतं. कुठल्या दिवशी चालेल आणि कुठल्या दिवशी नाही याचा पंचांग बघूनही अंदाज येईना.

दुसरं म्हणजे काही फायली मिंटमध्ये तुटलेल्या लिंकसारख्या दिसतात, उघडतच नाहीत. त्याच फायली विंडोजमध्ये गेलं की छान उघडतात. मी त्यांना लिंक कधी केलेलंच नाही.

तिसरं, डॉक्युमेंट्सच्या आत मी 'चालू काम' नावाची एक लिंक मिंटमधून केली होती, ज्या कामावर बसलोय त्या फोल्डरकडे जाणारी. विंडोजमध्ये ती फोल्डर म्हणून दिसतच नाही, एक चिमुकली फाइल दिसते आणि डबल क्लिक केलं की कशात उघडू विचारते.

आणि खरा प्रश्न: हे लिंकांचं शिवणकाम करत बसण्यापेक्षा अख्खं होमच एनटीएफएसवर (विंडोजची डिस्क मांडायची पद्धत) नेऊन टाकलं तर? म्हणजे दोन्हीकडे एकच घर.

---

अर्धवट_शहाणा

विंडोज उडवा. प्रश्न संपला.

---

खटपट्या

@अर्धवट_शहाणा, त्यांनी दुसऱ्या परिच्छेदातच सांगितलंय का ठेवलंय ते. वाचत जा हो.

@मधली_सुट्टी, उत्तर देण्याआधी दोन गोष्टी सांगा. एक, विंडोजमधून मिंटमध्ये येताना तुम्ही रीस्टार्ट करता का शटडाऊन करून नंतर चालू करता? दोन, विंडोजमध्ये डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये त्याचा पूर्ण पत्ता काय दिसतो? मधे वनड्राइव्ह असं काही लिहिलंय का?

---

मधली_सुट्टी

दिवसा असेल तर रीस्टार्ट, रात्री शटडाऊन करून झोपतो आणि सकाळी थेट मिंट. आणि हो, पत्त्यात वनड्राइव्ह आहे! मी तर ते कधी चालू केल्याचं आठवत नाही.

---

खटपट्या

झालं, तुमचं पंचांग सापडलं.

विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार आहे. तुम्ही शटडाऊन दाबता तेव्हा विंडोज पूर्ण बंद होतच नाही, तुमचे प्रोग्राम बंद करतं पण स्वतःचा गाभा डिस्कवर लिहून ठेवून अर्धवट झोपतं, म्हणजे सकाळी लवकर उठता यावं. या झोपेत असताना त्याने एनटीएफएसच्या पार्टिशनचा (डिस्कच्या कप्प्याचा) हिशेब स्वतःच्या डोक्यात धरून ठेवलेला असतो. आता लिनक्सने तिकडे जाऊन काही लिहिलं तर विंडोज उठल्यावर जुन्याच हिशेबाने पुढे लिहीत जाणार आणि फायलींचा चिवडा होणार. म्हणून एनटीएफएस-३जी हा लिनक्सवरचा ड्रायव्हर शहाणपणाने लिहायला नकार देतो आणि फक्त वाचायला उघडून देतो. हाताने माउंट करून (म्हणजे ते पार्टिशन वापरायला जोडून) बघा, "मेटाडेटा केप्ट इन विंडोज कॅश, रिफ्यूज्ड टू माउंट" असा मेसेज येईल.

रीस्टार्टमध्ये मात्र विंडोज खरंच पूर्ण बंद होतं. म्हणून दिवसा चालतं आणि रात्रीनंतर चालत नाही. गंमत अशी आहे की माणूस समजतो शटडाऊन म्हणजे जास्त बंद आणि रीस्टार्ट म्हणजे कमी बंद, इथे बरोबर उलटं.

उपाय: विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटण काय करतं ते निवडायचं पान, त्यात फास्ट स्टार्टअपची खूण काढा. किंवा ॲडमिनवाल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ, याने हायबरनेशनच जातं आणि हायबरनेशनची ती मोठी फाइलही जाते, काही जीबी मोकळे होतात. मोठं अपडेट येऊन गेलं की एकदा सेटिंग तपासून घ्यायचं. एनटीएफएसफिक्स नावाची लिनक्सची कमांड कोणी सुचवेल तर हुरळून जाऊ नका, ती फारसं काही दुरुस्त करत नाही, ढोबळ चुका तेवढ्या सांधते आणि विंडोजला पुढच्या वेळी डिस्क तपासायला सांगून ठेवते. खरी तपासणी विंडोजमधून चेकडिस्कनेच करायची.

दुसरा त्रास. वनड्राइव्हने तुमचा डॉक्युमेंट्स स्वतःच्या पोटात घेतलाय, आणि त्यातल्या बऱ्याच फायली खरं तर डिस्कवर नाहीतच, नुसता पत्ता आहे, उघडलं की नेटवरून येतात. एनटीएफएसमध्ये याला रीपार्स पॉइंट म्हणतात. लिनक्सला ती भानगड कळत नाही म्हणून तो तुटकी लिंक दाखवतो. टर्मिनलमध्ये यादी काढलीत तर बाणापुढे "अनसपोर्टेड रीपार्स टॅग" दिसेल. फायली गेलेल्या नाहीत, घाबरू नका.

तिसरं आणि होमचं रात्री लिहितो, ऑफिसात आहे.

---

अर्धवट_शहाणा

हे सगळं करण्यापेक्षा विंडोज उडवणं सोपं होतं एवढंच म्हणायचं होतं मला.

---

खटपट्या

आलो. आता तिसरं.

लिंक हा शब्द एक असला तरी वस्तू चार आहेत आणि सगळा घोळ तिथेच होतो. विंडोजचा शॉर्टकट, ज्याचं शेपूट एलएनके असतं, ती नुसती एक फाइल आहे, एक्सप्लोररला ती कळते, लिनक्सला ती कचरा वाटते. जंक्शन ही विंडोज २००० पासूनची गोष्ट, फोल्डरपुरती. खरी सिमलिंक विंडोजमध्ये व्हिस्टापासून आली, एमकेलिंक कमांडने होते, आणि त्याला ॲडमिन लागतो किंवा डेव्हलपर मोड चालू ठेवावा लागतो. आणि चौथी तुमची मिंटमधली सिमलिंक. एनटीएफएस पार्टिशनवर ती केली की एनटीएफएस-३जी साधारणपणे ती स्वतःच्या जुन्या पद्धतीने एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवतो, लिनक्स ती वाचतो, विंडोज वाचत नाही. तीच तुमची चिमुकली फाइल. आणि समजा विंडोजने ती वाचली असती तरी काय, तिच्यात पत्ता लिहिलाय मिंटच्या फोल्डररचनेतला, विंडोजला तो रस्ताच माहीत नाही.

म्हणून माझा एकच नियम आहे आणि तो मी सात-आठ वर्षं पाळतोय: सामान सामायिक, लिंका ज्याच्या त्याच्या. जी जागा दोघं वापरतात तिच्या आत एकही लिंक ठेवायची नाही. लिंक असेल ती त्या त्या सिस्टिमच्या स्वतःच्या होममध्ये, बाहेरून आत बोट दाखवणारी. चुली वेगळ्या, कणगी एक.

अख्खं होम एनटीएफएसवर नेऊ नका. होममध्ये तुमच्या फायली थोड्या आणि लिनक्सचा संसार जास्त असतो. टिंबाने सुरू होणारे ते लपलेले फोल्डर बघा एकदा. त्यातल्या कित्येक गोष्टींना खऱ्या परवानग्या लागतात. साधं उदाहरण, एसएसएचची (दूरच्या कॉम्प्युटरला जोडणाऱ्या साधनाची) खाजगी किल्ली. नेहमीच्या पद्धतीने माउंट केलेल्या एनटीएफएसवर सगळ्या फायली सगळ्यांना उघड्या दिसतात, आणि एसएसएच सरळ सांगतं की ही किल्ली उघड्यावर पडली आहे, मी वापरणार नाही. शिवाय लिनक्सचे प्रोग्राम फाइलच्या नावात कोलन बिनधास्त टाकतात आणि विंडोजला कोलन, प्रश्नचिन्ह, तारा, उभी रेघ यातलं काहीच नावात चालत नाही. म्हणजे एक दिवस मिंट चालूच होणार नाही आणि कारण सापडायला रविवार जाईल.

तर असं करा. आधी सगळ्याचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर. मग विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून सी बारीक करून एक तिसरं पार्टिशन करा, एनटीएफएस, डी म्हणा. एक्सफॅट करायचा मोह होईल कारण ते सगळीकडे चालतं, अगदी मॅकवरही, पण त्यात जर्नल (बदलांची नोंदवही) नाही, वीज गेली की भरवसा नाही. पेनड्राइव्हला ठीक आहे, रोजच्या कामाला नको.

डी वर एक फोल्डर करा, कोठार म्हणा, त्यात डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स वगैरे. विंडोजमध्ये लिंक करायची गरजच नाही, आधी वनड्राइव्हच्या सेटिंगमधून फोल्डर बॅकअप बंद करा, सगळ्या फायली खरंच खाली उतरल्यात ना बघा, आणि मग डॉक्युमेंट्सच्या प्रॉपर्टीजमध्ये लोकेशन नावाचा टॅब आहे तिथून 'मूव्ह' करून कोठारातला फोल्डर द्या. थेट डी ड्राइव्हचा माथा देऊ नका, आत फोल्डर करूनच द्या, नाहीतर परत फिरवताना रडाल.

लिनक्समध्ये एफएसटॅब नावाच्या फाइलमध्ये (चालू होताना काय कुठे माउंट करायचं त्याची यादी) एक ओळ. पार्टिशनचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक (एलएसबीएलके डॅश एफ ने दिसतो), माउंट करायची जागा, आणि ऑप्शनमध्ये यूआयडी आणि जीआयडी १०००, म्हणजे फायली तुमच्या नावावर येतील. अजून दोन शब्द नक्की टाका: विंडोज_नेम्स, म्हणजे विंडोजला न चालणारं नाव लिनक्स तयारच करू देणार नाही, आणि नोफेल. नोफेल विसरलात आणि उद्या ते पार्टिशन काही कारणाने नसलं तर लिनक्स चालू होताना ९० सेकंद वाट बघेल आणि मग काळ्या पडद्यावर इमर्जन्सी मोडमध्ये नेऊन सोडेल. (हे सगळं टर्मिनलमध्ये इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत बरं का, एकाने खरोखर देवनागरीत टाइप करून मला फोन केला होता.)

मग होममधली डॉक्युमेंट्सची जुनी लिंक पुसा, आणि पिक्चर्स, डाउनलोड्स हे रिकामे फोल्डर आरएमडीआयआरने काढा. आरएम डॅश आरएफ ने नको, आरएमडीआयआरच, कारण फोल्डर रिकामा नसेल तर ते काढतच नाही, चूक झाली तर तिथेच थांबते. आणि त्या जागी एलएन डॅश एस ने कोठाराकडे लिंक. डेस्कटॉपची मात्र लिंक करू नका. विंडोजचे शॉर्टकट मिंटमध्ये आणि मिंटचे विंडोजमध्ये, वर ती डेस्कटॉप डॉट आयएनआय, नुसता उकिरडा होतो.

लिंक झाल्यावरची एकच भीती लक्षात ठेवा. लिंक पुसली तर फक्त लिंक जाते. पण लिंकचं नाव, स्लॅश आणि तारा असं लिहून पुसलंत तर ते आत जाऊन कोठारातलं खरं सामान पुसतं.

---

जुळारीण

खटपट्यांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त मराठी नावांबद्दल लिहिते, कारण भाषांतरवाले आहात म्हणजे फायलींना नावं मराठीत देत असणार आणि ही गोष्ट इंग्रजी ट्युटोरियलमध्ये कुठेच सापडत नाही. मी पुस्तकांची अक्षरजुळणी करते, विंडोज, उबुंटू आणि एक जुना मॅक अशी तिहेरी कसरत आहे.

एक. एनटीएफएसमध्ये नावाची मर्यादा २५५ चिन्हांची आणि लिनक्सच्या ईएक्सटी-४ मध्ये २५५ बाइटची. इंग्रजीत दोन्ही सारखंच पडतं म्हणून कोणाला फरक कळत नाही. पण देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची पद्धत) तीन बाइट खातं, आणि काना-मात्रा-हलंत हे सगळे वेगळे धरले जातात. म्हणजे लिनक्सकडे आपल्याला फक्त ८५ चिन्हं मिळतात. 'दुसऱ्या' हा दिसायला तीन अक्षरांचा शब्द, आत सात चिन्हं, २१ बाइट. आता 'दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना लेखकाच्या दुरुस्त्यांसह अंतिम' याच्या दुप्पट लांबीची नावं देणारे लेखक माझ्याकडे आहेत, आणि 'अंतिम' नंतर 'खरंच अंतिम' पण येतं. विंडोजमध्ये ते सुखाने नांदतं, लिनक्सच्या होममध्ये कॉपी केलं की "फाइलनेम टू लाँग". कोठार एनटीएफएसवरच असेल तोवर चालेल, पण तिथून उचलून ईएक्सटी-४ वर गेलात की अडकाल.

दोन, आणि हे जास्त खट्याळ आहे. 'ऱ्या' मधला तो ऱ. युनिकोडमध्ये तो एक चिन्ह म्हणूनही लिहिता येतो आणि र अधिक खाली नुक्ता असा दोन चिन्हांतही. दोन्ही दिसायला एक. मॅकची जुनी एचएफएस प्लस डिस्क (२०१७ च्या हाय सिएरापासून नवीन मॅकवर एपीएफएस आली, त्याआधीची) नावं तोडूनच ठेवते. त्या मॅकवर केलेली झिप मी उबुंटूत उघडली आणि एकाच फोल्डरमध्ये 'दुसऱ्या प्रकरणाचे चित्र' अशा हुबेहूब दोन फायली! एक विंडोजमधून आलेली २१ बाइटवाली दुसऱ्या आणि एक मॅकची २४ बाइटवाली दुसऱ्या. मी अर्धा तास नुसती त्यांच्याकडे बघत होते. त्यातली कुठली ताजी ते उघडूनच कळणार.

आणि लिंकांशी याचा थेट संबंध आहे. सिमलिंक म्हणजे आत लिहिलेलं नाव, बाइटला बाइट. लिंकमध्ये एक ऱ आणि फाइलच्या नावात दुसरा ऱ असेल तर लिंक तुटकी, आणि डोळ्यांनी कितीही ताणून बघितलं तरी चूक दिसणार नाही. माझ्या पुस्तकाच्या मांडणीत चित्रं लिंक केलेली असतात, छापायला जायच्या आदल्या रात्री अकरा चित्रं 'सापडत नाहीत' म्हणाली, अकराच्या अकरा नावांत तऱ्हा, साऱ्या, वाऱ्या असलं काहीतरी. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

लिनक्सवर कॉन्व्हएमव्ही नावाचं छोटं साधन आहे, ते नावं परत जोडून देतं. यूटीएफ-८ मधून यूटीएफ-८ मध्ये आणि एनएफसी (म्हणजे जोडलेलं रूप) असं सांगायचं. ते आधी नुसतं दाखवतं काय काय बदलेल, आणि नोटेस्ट म्हटलं की मगच खरं बदलतं. ही सवय मला फार आवडते, माणसांनाही असायला हवी.

आता मी लिंक लागणाऱ्या फायलींची नावं इंग्रजी अक्षरांत आणि छोटी देते. मराठी अभिमान फाइलच्या आत.

---

दोन_चुली

@जुळारीण, हा ऱ चा किस्सा भन्नाट. मला वाटायचं माझंच डोकं फिरलंय.

माझ्याकडे विंडोज नाही पण मिंट आणि फेडोरा दोन्ही आहेत, आणि दोन्ही लिनक्सच, मग होमचं पार्टिशन एकच ठेवायला काय हरकत म्हणून तेच केलं होतं. हरकत आहे. फेडोराचा फायरफॉक्स नवा, मिंटचा एक पाऊल मागे, आणि फायरफॉक्स ६७ पासून म्हणजे २०१९ पासून नव्याने वापरलेलं प्रोफाइल जुन्याला उघडू देत नाही, नवं प्रोफाइल करा म्हणतो. डेस्कटॉपच्या सेटिंगचंही तेच, एकाने मांडायचं आणि दुसऱ्याने विस्कटायचं. वर फेडोराची एसईलिनक्स ही सुरक्षेची यंत्रणा मिंटमध्ये तयार झालेल्या फायलींवर त्याचा शिक्का नाही म्हणून कधी कधी हात लावायला तयार होत नाही.

आणि यूआयडी. लिनक्सला तुमचं नाव कळत नाही, नंबर कळतो, पहिल्या खात्याला १००० आणि दुसऱ्याला १००१. मिंटवर पहिलं खातं मी माझं केलं होतं, फेडोरा बायकोने टाकलं म्हणून तिकडे पहिलं खातं तिचं. फेडोरात गेलो तर माझी सगळी कागदपत्रं तिच्या मालकीची. वस्तुस्थिती तीच आहे पण कॉम्प्युटरने ती तोंडावर सांगायची गरज नव्हती. नंतर नंबर बदलून घेतले. आता दोघांची होमं वेगळी आणि सामानाचं पार्टिशन एक, खटपट्या म्हणतात तसंच.

आता खरं सांगायचं ते बॅकअपबद्दल, कारण मी यात भाजलोय. सगळ्या लिंका झाल्या, छान चालू होतं, मग वर्षभराने डिस्क नव्याने मांडायची ठरवली. आरसिंक (फायली कॉपी करायची कमांड) डॅश ए ने होम बाहेरच्या डिस्कवर घेतलं, दोन मिनिटांत झालं. दोन मिनिटांत! तेव्हाच शंका यायला हवी होती. आरसिंक डॅश ए लिंकला लिंक म्हणूनच कॉपी करतं, आतलं सामान घेत नाही. मी सामानाचं पार्टिशनसुद्धा पुसलं आणि बॅकअप उघडला तर आत पिक्चर्स नावाची एक लिंक, अशा जागेकडे बोट दाखवणारी जी मी दहा मिनिटांपूर्वीच पुसली होती. मुलाच्या पहिल्या वर्षाचे बरेच फोटो बहिणीच्या व्हॉट्सॲपमधून परत मागवले, ते सगळे दाबून बारीक झालेले. तेव्हा बॅकअप घेताना होम वेगळं आणि कोठार वेगळं, थेट कोठाराच्या मूळ जागेवरून घ्या. डॅश कॅपिटल एल दिलं तर आरसिंक लिंकच्या आत जातं हे खरं, पण मग सामान दोनदा यायचीही शक्यता, त्यापेक्षा मुळातूनच घ्यावं.

---

खटपट्या

@दोन_चुली, वाईट वाटलं वाचून. हे मी माझ्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

घड्याळाचंही राहिलं. विंडोज मदरबोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असं धरून चालतं, लिनक्स तिथे यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ धरतं. त्यामुळे लिनक्समधून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे. पुष्कळ जण समजतात बॅटरी गेली आणि दुकानात जाऊन सेल बदलून येतात. नेट मिळालं की वेळ सुधारते, पण मधल्या दहा मिनिटांत केलेल्या फायलींवर चुकीची वेळ पडते, आणि 'नवी फाइल ठेवा, जुनी बदला' असं करणारं कुठलंही सिंकचं साधन मग ताजं सोडून शिळं ठेवतं. मिंटमध्ये टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ केलंत की लिनक्सही स्थानिक वेळ धरतो. इंग्रजी फोरमवर याला विरोध दिसेल, तो मुख्यतः उन्हाळ्यात घड्याळं पुढेमागे करणाऱ्या देशांसाठी आहे, दोन्ही सिस्टिम एकेक तास हलवतात म्हणून. आपल्याकडे घड्याळ हलतच नाही, खुशाल करा.

---

मधली_सुट्टी

मंडळी, शनिवार-रविवार घालवला, जमलं!

फास्ट स्टार्टअप बंद. सी १८० जीबी, मिंट ८० जीबी, उरलेलं डी. वनड्राइव्हमधून सगळं खाली उतरवायलाच शनिवारची रात्र गेली, आमच्याकडे नेट बेताचं आहे. आता रात्री शटडाऊन करून सकाळी मिंट लावलं तरी सेव्ह होतंय, चार दिवस झाले. नोफेल टाकलंय. बॅकअप थेट कोठारावरून घेतला, एक तास दहा मिनिटं लागली, म्हणजे आत खरंच काहीतरी असावं. 'चालू काम' ची लिंक कोठारातून काढून मिंटच्या होममध्ये ठेवली, विंडोजमध्ये त्याच नावाचं जंक्शन माझ्या विंडोजवाल्या होममध्ये. काम बदललं की दोन्हीकडे बदलावी लागते एवढंच, पण चालेल.

कोठारात Invoice आणि invoice अशा दोन फायली पण सापडल्या, एकीचा आय मोठा, मिंटमधून केलेल्या. मिंटला त्या दोन वाटत होत्या आणि विंडोजला कुठलीही उघडली तरी एकच उघडत होती. एकीत जीएसटी आहे, एकीत नाही. बरं झालं वेळेत दिसलं.

एकच राहिलंय. @जुळारीण ताई, तुमचं बोलणं दुसऱ्याच दिवशी खरं झालं. एका कामाची फाइल आली, नाव मोजलं तर ९१ चिन्हं, डी वर आहे तोवर ठीक, मिंटच्या डेस्कटॉपवर घेतली की टू लाँग. आणि तिकडच्या मंडळींचा आग्रह आहे की फाइल परत देताना नाव अक्षरही न बदलता तेच हवं, त्यांची कसली तरी यादी त्यावर चालते. मिंटवर काम कसं करू?

---

जुळारीण

कोठारातल्या कोठारात एक प्रत करा, तिचं नाव आखूड ठेवा, मिंटवर त्या प्रतीवर काम करा. द्यायच्या दिवशी विंडोजमध्ये जाऊन आखूड फाइलला मूळ फाइलवरून कॉपी-पेस्ट केलेलं नाव द्या आणि तिथूनच पाठवा. नाव हाताने टाइप करू नका, त्यात ऱ असला तर तुमचा ऱ त्यांच्याशी जुळेलच असं नाही.

---

मधली_सुट्टी

आत्ताच बघितलं. दोन आहेत.